आठ ट्रॅकमध्ये मावलेला 'ऑक्सिजेन'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी एकट्यानेच वाद्यसंगीताचा अल्बम करताय, लॅपटॉपवर एकेका तुकड्यात साठ-सत्तर ट्रॅक (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाजाचे थर) झालेत, तरी सगळं सपाट वाटतं. मग जाँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराचा १९७६चा 'ऑक्सिजेन' हा इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा अल्बम आठ ट्रॅकच्या टेपवर केलेला असूनही इतका भरलेला का वाटतो? आणि जाता जाता, तो प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये (लांबलचक, गुंफलेल्या रचनांचा रॉक, थोडक्यात प्रोग) धरायचा की नाही? मी कीबोर्ड वाजवतो, जुने सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारी यंत्रं) उघडून दुरुस्त करतो आणि रेकॉर्डिंग हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

उपप्रश्न आधी उरकू. ड्रमर नाही, गिटार नाही, गायक नाही, त्यामुळे रॉक म्हणायला जीभ अडखळते. पण अल्बमची बांधणी बघा. गाणी नाहीतच, एक ते सहा आकडे दिलेले भाग आहेत, ते एकमेकांत मिसळत जातात आणि तबकडीची बाजू संपेपर्यंत थांबत नाहीत. ही सवय सरळ प्रोगची आहे. १९७३ला माइक ओल्डफील्डने 'ट्युब्युलर बेल्स'मध्ये बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून दोन बाजूंचे दोन सलग तुकडे केले होते. फ्रान्समध्ये सिरिल व्हर्दोचा 'क्लिअरलाइट सिंफनी' १९७५मध्ये आला, त्यातही प्रत्येक बाजूला एकच लांब रचना. रिशार पिनासचं हेल्डन आणि क्रिस्तियाँ व्हांदेरचं माग्मा हे बँड त्याच काळात पॅरिसमध्ये आपापलं रसायन शिजवत होते. 'ऑक्सिजेन' या घरातलाच आहे, फक्त घरातल्या एका सवयीला त्याने फाटा दिला. त्यात बोटांची कसरत कुठेही नाही. सोलो वाजवून कोणी कोणाला दिपवत नाही. दुकानदाराने तो कुठल्या खणात ठेवायचा ते दुकानदार बघून घेईल.

आता मुद्द्याचं. 'एका तरुणाने घरात बसून सहज केला' अशी या अल्बमची गोष्ट सांगतात, त्यातलं 'सहज' खोडून टाका. जार १९४८चा, लिओंचा. वडील मोरीस जार हॉलिवूडमधले मोठे चित्रपट-संगीतकार, पण मुलगा लहान असतानाच ते घर सोडून गेले. आजोबा ओबो वाजवायचे आणि आवाजाची यंत्रंही बनवायचे. १९६९च्या सुमारास जार पॅरिसला पिएर शेफेर यांच्या जीआरएम या संशोधन गटात शिकायला गेला. शेफेर म्हणजे ज्यांनी १९४८मध्ये आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून, कापून-जोडून त्यांची रचना केली ते. तिथे सुरापेक्षा आवाजाकडे बघायला शिकवत: तो कसा सुरू होतो, मध्ये काय करतो, कसा विरतो. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस पियानोच्या पट्टीकडेही वेगळ्या नजरेने बघतो.

त्यानंतर त्याने पोटासाठी बरंच काही केलं. १९७३ला 'ले ग्राँझ ब्रूले' या चित्रपटाचं संगीत, क्रिस्तोफ या गायकासाठी गीतलेखन ('ले मो ब्लू' हे १९७४चं गाणं फ्रान्समध्ये अजून गुणगुणतात). म्हणजे 'ऑक्सिजेन'ला बसला तेव्हा हा अठ्ठाविशीचा माणूस एका हाताने प्रयोगशाळेतला आणि दुसऱ्या हाताने चालू गाण्यांच्या बाजारातला होता. चौथ्या भागाची चाल कानाला एकदा लागली की सुटत नाही, ती या दुसऱ्या हाताची.

ऑगस्ट ते नोव्हेंबर १९७६, पॅरिसमधला त्याचा फ्लॅट. स्वयंपाकघरात मांडलेला स्टुडिओ. स्कली कंपनीचं आठ ट्रॅकचं टेप मशीन. मिडी (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा) यायला अजून सात वर्षं होती, त्यामुळे एक यंत्र दुसऱ्याशी बोलत नव्हतं. यादी छोटी आहे: ईएमएसचे व्हीसीएस-३ आणि सिंथी एकेएस, एआरपी २६०० हे सिंथेसायझर, आरएमआयचा हार्मोनिक सिंथेसायझर, फारफिसा ऑर्गन, एक मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड), एमिनंट ३१० ऑर्गन आणि कॉर्गचं मिनीपॉप्स-७ हे ताल-यंत्र. एआरपीच्या कामात मिशेल गाइस हा तंत्रज्ञ मदतीला होता.

या यादीत सगळ्यात कमी दिमाखाची वस्तू एमिनंट. हॉलंडमध्ये बनलेला, दिवाणखान्यात ठेवायचा ऑर्गन. रविवारी घरच्यांनी भोवती जमून वाजवावा असा. त्यात व्हायोलिनसारखा आवाज देणारा एक विभाग होता, तोच पुढे सोलिना स्ट्रिंग मशीनमध्ये गेला. जारने त्या विभागाचा आवाज इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल स्टोन या फेझरमधून काढला. फेझर म्हणजे गिटारवाल्यांचं पायाशी ठेवायचं डबडं: एक गोल बटण आणि एक खटका, बस. 'ऑक्सिजेन'चा जो आवाज तुम्हाला 'अंतराळातला' वाटतो, तो या दोन स्वस्त गोष्टींच्या लग्नातून जन्मलेला आहे.

तुमचा खरा प्रश्न इथेच सुटतो, म्हणून जरा थांबतो. एमिनंटवर चार बोटांनी एक कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) दाबून धरला की आवाज सलग येतो, त्यात काही घडत नाही. फेझर त्याच आवाजाची एक प्रत काढून तिची कला (लहरीच्या चढ-उताराची वेळ, म्हणजे फेज) थोडी सरकवतो आणि मूळ आवाजात मिसळतो. काही कंपनं एकमेकांना मारतात, वरच्या पट्ट्यात खळगे पडतात. हे खळगे बटणाच्या वेगाने खाली-वर फिरत राहतात. बोटं हललेली नसतात, कॉर्ड तोच असतो, पण कान सतत काहीतरी पकडत असतो. तानपुऱ्याला जवारी नीट लागलेली असली की चार तारांवर गायक तासभर गातो, कारण प्रत्येक छेडीत वरचे स्वर एकामागून एक उमलत असतात. तसंच हे. तुमच्या साठ ट्रॅकमध्ये हीच गोष्ट नाही. प्रत्येक ट्रॅक आपल्या जागी मेणाच्या पुतळ्यासारखा उभा आहे. एका पुतळ्याने हॉल रिकामा वाटतो म्हणून तुम्ही आणखी पुतळे आणता.

एक गंमत सांगतो, ती माहितीपत्रकात नसते. व्हीसीएस-३चं सर्किट लंडनच्या ईएमएसमध्ये डेव्हिड कॉकरेल या इंजिनिअरने आखलं. तोच पुढे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सकडे गेला आणि स्मॉल स्टोनही त्यानेच बनवला. म्हणजे पॅरिसच्या त्या स्वयंपाकघरात एका टोकाला महागडा प्रायोगिक सिंथ आणि दुसऱ्या टोकाला गिटारचं डबडं, दोन्हींमागे डोकं एकच.

व्हीसीएस-३बद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्याचीही नक्कल तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये वापरत असणार. त्यावर वायरी नाहीत, सोळा बाय सोळा भोकांची एक पाटी आहे. भोकात पिन खुपसली की उभ्या ओळीचा आणि आडव्या ओळीचा संबंध जुळतो. कशालाही काहीही जोडता येतं, मूर्खपणासकट. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग) सुरात राहत नाहीत. मशीन तापलं की सूर सरकतो, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. वाजवायला तो वैताग आहे, पण वारा, लाट, थेंब, पक्षी आणि ते दुसऱ्या भागात सूं-सूं करत जाणारे आवाज काढायला त्याच्याइतकं ओलसर यंत्र मी पाहिलेलं नाही. सहाव्या भागातल्या लाटा आणि सीगल समुद्रावर जाऊन रेकॉर्ड केलेले नाहीत, यंत्रातून काढलेले आहेत.

लाट कशी करायची ते आज रात्री करून बघा. नॉइज जनरेटर (सूर नसलेली नुसती खरखर देणारा) घ्या, त्याच्यापुढे लो-पास फिल्टर (वरचे स्वर अडवणारा). एक एलएफओ (आपोआप हळूहळू वर-खाली होणारा सिग्नल) फिल्टर उघडझाप करेल असा लावा, एका फेरीला अकरा-बारा सेकंद. दुसरा एलएफओ आवाजाच्या पातळीला, पण त्याला पहिल्याच्या पटीत ठेवू नका; सात सेकंद ठेवा, साडेसात ठेवा. दोन्ही कधी जुळतात, कधी चुकतात, आणि एकसारखी लाट दोनदा येत नाही. मग रेझोनन्स (फिल्टरच्या काठावरचे स्वर उठवणारं बटण) किंचित वाढवा, नाहीतर ती प्रेशर कुकरची वाफ वाटते. हे जमलं की तिच्या जागी तुमचं पॅड (मागे लांबत राहणारा कॉर्डचा आवाज) टाका आणि फिल्टरला तीच दोन बेसूर घड्याळं लावा. तुमच्या सहा पॅडचं काम एक पॅड करेल.

तालाचं बघू. मिनीपॉप्स-७ हे १९६०च्या दशकातलं यंत्र, ऑर्गन वाजवणाऱ्याला साथीला ठेवायचं. वॉल्ट्झ, रुम्बा, बोसा नोव्हा असे तयार ठेके बटणांवर. स्वतःचा ठेका भरता येत नाही. जारने एका वेळी एकापेक्षा जास्त बटणं दाबली आणि ती चिकटपट्टीने दाबलेलीच ठेवली. दोन ठेके एकावर एक बसले की तिसराच काहीतरी निघतो, थोडा लंगडा, थोडा खुसखुशीत. शिवाय त्या यंत्राचे आवाज खरे ड्रम वाटतच नाहीत, टिक आणि फुस एवढेच. त्यामुळे खालची जागा बाससाठी मोकळी राहते. तुम्ही जो सिनेमातला गडगडाटी किक (खालचा धप्प आवाज देणारा ड्रम) लावलाय, तो तुमच्या बासच्या मानगुटीवर बसलाय. तो काढून एखादा टिनपाट ठेका लावून बघा, बास आपोआप मोठा होईल.

आठ ट्रॅकचा परिणाम मात्र वाद्यांपेक्षा मोठा आहे. टेपवर आठच रांगा. नववा आवाज हवा असेल तर आधीचे दोन-तीन मिसळून एका रांगेत उतरवायचे, आणि एकदा उतरवले की त्यांचा समतोल कायमचा ठरला. पुन्हा कमी-जास्त करता येत नाही. प्रतिध्वनीसाठी त्याच्याकडे रेव्हॉक्सची टेप मशीन होती. रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात तीन-चार सेंटिमीटरचं अंतर, टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावते, म्हणजे आवाज साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा येतो. वेग बदलला की उशीर बदलतो, आणि प्रत्येक फेरीत वरचे स्वर थोडे झिजतात. आजच्या डिलेमध्ये (पडसाद देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दहावा पडसाद पहिल्याइतकाच लख्ख असतो आणि गर्दी करतो. टेपचा पाचवा पडसाद धुरकट होऊन मागे सरकतो. आवाजाचा खोलपणा तिथून येतो. तुमच्या डिलेच्या फीडबॅकमध्ये एक हाय-कट (वरचे स्वर कापणारा फिल्टर) लावा, तीन हजार हर्ट्झच्या आसपास, आणि डिलेचा आवाज मूळ आवाजाच्या विरुद्ध स्पीकरला पाठवा. रिव्हर्बचे (खोलीतला घुमारा देणारे) अर्धे प्लगइन त्यानंतर बंद करता येतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

आता हेडफोन लावून चौथा भाग ऐका, अल्बममधला सगळ्यात प्रसिद्ध. चार मिनिटं चौदा सेकंद, सी मायनर. आधी सळसळ येते. मग ठेका आणि बास. त्याच्या मागे एमिनंटचे लांब कॉर्ड, फेझरमध्ये हळूहळू फिरणारे. वर चाल. चालीचं एक वाक्य झालं की तिला छोटं उत्तर, पुन्हा वाक्य, पुन्हा उत्तर. बाकी मधूनमधून वाऱ्याचे झपके. बोटांवर मोजा: एका क्षणी पाच किंवा सहा गोष्टींपेक्षा जास्त कधी नसतात. आणि त्या सहांपैकी दोन जागच्या जागी हलणाऱ्या आहेत. चाल थांबते तिथे झपका येतो, झपका विरतो तिथे चाल उचलते. कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. तुमच्या तुकड्यातला कुठलाही अर्धा मिनिट घेऊन हीच मोजणी करा. कुठे अडतंय ते तुम्हालाच दिसेल, मला सांगायची गरज पडणार नाही.

सगळा अल्बम मी डोक्यावर घेत नाही. पाचवा भाग दहा मिनिटांच्या वर आहे, आणि त्याचा संथ पूर्वार्ध मला आजही लांबलेला वाटतो. उत्तरार्धातली पळती आवर्तनं आली की मी परत सावरून बसतो. उलट तिसरा भाग तीन मिनिटांचाही नाही आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण पहिल्या बाजूला जो अंधार हवा होता तो तिथेच आहे. दुसरा भाग पीटर वीअरने १९८१च्या 'गॅलिपोली' या युद्धपटात वापरला, तोही धावणाऱ्या पायांच्या दृश्यांवर. यंत्राचं संगीत थंड असतं म्हणणाऱ्यांना मी तो सिनेमा बघायला सांगतो. २००७मध्ये जारने जुनीच वाद्यं मांडून सगळा अल्बम नव्याने रेकॉर्ड केला. तांत्रिकदृष्ट्या तो जास्त स्वच्छ आहे आणि मी तो क्वचित लावतो.

हाताने वाजवण्याबद्दल एक शब्द. पळणाऱ्या ओळी ऐकून वाटतं की सीक्वेन्सर (सुरांची ओळ आपोआप वाजवणारं यंत्र) चालू करून माणूस चहाला गेला असेल. सिंथी एकेएसमध्ये छोटा सीक्वेन्सर होता खरा, पण या अल्बममधल्या बहुतेक ओळी हातानेच वाजवलेल्या आहेत. मोठा सीक्वेन्सर गाइसने नंतर, १९७८च्या 'इक्विनॉक्स'साठी बनवला. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले तर फरक कळतो: दुसऱ्यात शिस्त आहे, पहिल्यात श्वास. तुम्ही वाजवता आणि लगेच क्वांटाइझचं (सूर नेमके तालाच्या खाचेत बसवणारं) बटण दाबता ना? बास आणि ठेका हवा तर ओळीत बसवा, बाकी ठिकाणी ते बटण विसरा. फार चुकलं असेल तर पुन्हा वाजवा, तेवढाच रियाज होतो.

तर तुमच्या अल्बमसाठी मी काय करेन? नवीन काही विकत घेणार नाही. जुना व्हीसीएस-३ आज ज्या भावाला जातो त्यात गावाकडे जमीन येईल. एआरपी आणि सिंथीच्या सॉफ्टवेअर नकला पुरेशा चांगल्या आहेत, आणि स्मॉल स्टोन अजूनही बनतो. पैसे खर्चायचेच असतील तर त्या खऱ्या डबड्यावर खर्चा, लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढून त्यातून परत आत घ्या, आणि घेताना बटण हाताने फिरवा. मग सगळ्यात अवघड काम: एका तुकड्याचे आठच ट्रॅक ठेवा. पॅडचे सहा थर असतील तर ते एकत्र ऑडिओत उतरवा आणि मूळ मिडी ट्रॅक दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, नजरेआड. डिले, फेझर सकट उतरवा. दोन दिवस हात शिवशिवतील, 'नंतर बदलायचं असेल तर?' असं मन म्हणेल. त्यावर उपाय म्हणजे आत्ताच ठरवणं. ठरवता येत नसेल, तर तो आवाज बहुधा तुम्हाला मुळातच आवडलेला नाही.

क्रमाचा विचार लवकर करा, शेवटी नको. 'ऑक्सिजेन'ची एकूण लांबी चाळीस मिनिटांच्या आत आहे, पहिली बाजू एकोणीस मिनिटांच्या आसपास, दुसरी एकवीस. तबकडीची ती गरज होती, पण तुमच्यासाठीही ती मर्यादा वाईट नाही. तुम्ही पाठवलेली बहात्तर मिनिटं मी एका बैठकीत ऐकू शकलो नाही, आणि माझं तर कामच ऐकण्याचं आहे.

प्रसिद्धीची काळजी तुम्ही प्रश्नाच्या शेवटी घातली आहे, म्हणून तेवढं. जारला बऱ्याच कंपन्यांनी नकार दिला: गायक नाही, तुकड्यांना नावं नाहीत, रेडिओवर वाजवणार काय? शेवटी क्रिस्तोफची गाणी काढणाऱ्या फ्रान्सिस ड्रेफ्युस यांनी आपल्या छोट्या कंपनीतून डिसेंबर १९७६मध्ये पन्नास हजार प्रती काढल्या, आणि सुरुवातीला त्या चालल्या त्या हाय-फाय विकणाऱ्या दुकानांमुळे. स्पीकरचा दर्जा दाखवायला दुकानदार हीच तबकडी लावत. १९७७ला पॉलिडोरने ती जगभर नेली आणि ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. मुखपृष्ठावर मिशेल ग्रांजेचं चित्र, पृथ्वीची साल सोलून आत दिसणारी कवटी. जारच्या आईने म्हणे विचारलं होतं, अल्बमला वायूचं नाव आणि वर कवटी, हे कशासाठी? तेव्हा तुमच्या घरच्यांना मुखपृष्ठ आवडलेलं नाही, यावर फार विचार करू नका.

राहता राहिलं मिक्सिंग. सगळं एकट्याने करायचा हट्ट इथे सोडा. जारनेही अंतिम मिक्स घरी उरकला नाही, पॅरिसच्या स्टुडिओ गाँगमध्ये जाँ-पिएर जानियो या इंजिनिअरबरोबर केला. चार महिने जो माणूस एकाच फेझरसमोर बसलाय, त्याच्या कानाला बास किती झालाय हे कळत नाही. तेव्हा मिक्स दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि त्याला हे पाठवा: आठ ट्रॅक, एकाच बिंदूपासून सुरू होणारे, २४ बिट वेव्ह फायली, शिखर शून्याच्या सहा डेसिबल खाली, प्रत्येकीच्या नावात वाद्य आणि तुकड्याचा आकडा. मास्टरवर, म्हणजे अंतिम मिश्रणावर, लावलेला लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारा प्लगइन) काढून पाठवा, आणि सोबत तुमचा कच्चा मिक्सही जोडा, म्हणजे तुमच्या मनात काय होतं ते समोरच्याला कळेल.